'रिक्वेस्ट' हा शब्द : नाम केव्हा व क्रियापद केव्हा

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांकडून इंग्रजी अर्ज तपासावयास आमच्याकडे वरचेवर येतात. कोणास मुलाच्या शाळेचा दाखला पाहिजे असतो, कोणास रजा पाहिजे असते, कोठे वादळाने सभागृहावरील पत्रे उडालेले असतात. आपल्याकडील सरकारी कामकाज आता बहुतेक मराठीत चालते ही मोठी सोय झाली आहे. तरी बँका, दूरची इस्पितळे व परप्रांतांतील कचेऱ्या यांस इंग्रजीत लिहिण्याचा प्रसंग अजून येतोच. अशा अर्जांत एक शब्द हटकून सापडतो, तो 'रिक्वेस्ट'. आणि जेथे तो सापडतो, तेथे पुष्कळदा तो अडखळलेला असतो. म्हणून ह्या खेपेचा पाठ त्या एकाच शब्दावर देण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या शब्दाने आम्हांसही एकदा तोंडघशी पाडले होते, ते आधी सांगतो. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडून आम्ही पहिल्या मंडळीत रुजू झालो, तेव्हा तेथील एका वृद्ध विधवेने आपल्या मयत पतीच्या निवृत्तिवेतनाविषयी परप्रांतातील एका कचेरीस पत्र लिहून मागितले. तिला तेथून एक छापील फॉर्म हवा होता. पूर्वी एकदा विनंती करूनही तो आला नव्हता. आम्ही मनात मराठी वाक्य जुळविले, 'आपणांस केलेल्या विनंतीप्रमाणे फॉर्म पाठवावा', आणि मोठ्या ऐटीने इंग्रजीत लिहिले, 'ॲज पर युवर रिक्वेस्ट, प्लीज सेंड द फॉर्म.' दीड महिन्याने दोन ओळींचे उत्तर आले की, ह्या कचेरीने आपणांकडे कोणतीही विनंती केलेली नाही, सबब पत्र दप्तरी दाखल करण्यात आले आहे. त्या दीड महिन्यात ती बाई दर रविवारी उपासना संपल्यावर दाराशी थांबून, 'पास्टरसाहेब, काही आलं का?' असे विचारीत असे. त्या कारकुनास बोल लावण्यास जागा नव्हती. 'युवर रिक्वेस्ट' म्हणजे तुम्हांस केलेली विनंती नव्हे, तुम्ही केलेली विनंती. आम्ही मागणाऱ्याच्या जागी देणाऱ्यास बसविले होते. 'अवर रिक्वेस्ट टू यू' असे लिहावयास पाहिजे होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, 'रिक्वेस्ट' हे नाम असता त्याच्या मागे ज्याचे षष्ठीचे रूप येते, म्हणजे माझी, आमची, तुमची, शिक्षकाची, तो विनंती करणारा होय. ज्यास विनंती केली तो मागून 'टू' ह्या शब्दाने येतो, आणि जी वस्तू मागितली ती 'फॉर' ह्या शब्दाने येते. 'अवर रिक्वेस्ट टू द बँक फॉर अ लोन', ह्या एका वाक्यखंडात तिन्ही जागा भरलेल्या आहेत. विद्यार्थ्याने तो पाठच करावा.

घोटाळा होतो तो हाच शब्द क्रियापद झाल्यावर. 'वुई रिक्वेस्ट फॉर अ लोन', 'आय रिक्वेस्ट टू यू', ही दोन्ही वाक्ये अशुद्ध आहेत. क्रियापदास 'फॉर' लागत नाही आणि 'टू यू' हेही लागत नाही. ते सकर्मक आहे. आपले कर्म ते सरळ हाताने धरते, मध्ये कोणास येऊ देत नाही. 'वुई रिक्वेस्ट अ लोन', किंवा 'वुई रिक्वेस्ट यू टू ग्रँट अ लोन', असे म्हणावे. दुसऱ्या वाक्यात 'टू' आहे खरा, पण तो 'यू'च्या आधी नसून 'ग्रँट' ह्या क्रियापदाच्या आधी आहे. त्याचे काम निराळे. सभेच्या आमंत्रणात येणारे 'यू आर रिक्वेस्टेड टू अटेंड' हे ह्याच वाक्याचे कर्मणी रूप होय.

आपल्याच लोकांची येथे इतकी चूक का व्हावी? आमच्या मते दोष आपल्या मातृभाषेच्या सवयीचा आहे. 'विनंती' हे मराठीत निव्वळ नाम आहे. त्याचे क्रियापद करावयाचे तर त्याच्या पाठीशी 'करणे' उभे करावे लागते. मनुष्य इंग्रजीत 'रिक्वेस्ट' म्हणतो, परंतु मनात 'विनंती करतो' असेच म्हणत असतो. त्यामुळे 'कर्जासाठी विनंती' यातील 'साठी' हा 'फॉर' होऊन वाक्यात शिरतो, आणि 'तुम्हांला विनंती' यातील 'ला' हा 'टू' होऊन शिरतो. पण मराठीतही एक जुने, गोड क्रियापद आहे, 'विनविणे'. 'मी साहेबांस विनवितो', यात मध्ये काही घालावयास जागाच नाही. तसेच 'मागणे'. 'मी रजा मागतो' असे आपण म्हणतो. 'मी रजेसाठी मागतो' असे कोणी म्हणत नाही. म्हणून आमच्या वर्गात आम्ही हीच कसोटी लावतो : जेथे मनात 'विनंती' बसते तेथे 'रिक्वेस्ट' नाम आहे, त्यास 'फॉर' द्यावा, जेथे 'विनवितो' किंवा 'मागतो' बसते तेथे ते क्रियापद आहे, त्यास 'फॉर' देऊ नये. व्याकरणाचे नियम न शिकलेल्या प्रौढ मनुष्यासही ही कसोटी लवकर साधते, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक कारण आहे. 'आस्क फॉर' व 'अप्लाय फॉर' ही दोन क्रियापदे 'फॉर' घेतात आणि तीही मागण्याचीच आहेत. त्यांच्या संगतीने 'रिक्वेस्ट' बिघडते. 'डिमांड'चीही हीच गत आहे. 'अ डिमांड फॉर वॉटर' हे नाम म्हणून ठीक, परंतु क्रियापद असता 'वुई डिमांड वॉटर' एवढेच.

कान येथे मदत करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे. इंग्रजीतील कित्येक शब्द नामाचे क्रियापद होताना आपला आघात बदलतात. 'रेकॉर्ड' हे नाम असता जोर पहिल्या अवयवावर पडतो व क्रियापद असता दुसऱ्यावर, 'परमिट'चेही तसेच. 'ॲडव्हाइस' हे नाम आहे, त्याचे क्रियापद होताना शेवटला 'स' हा 'झ' होतो आणि लिहिताना 'सी'च्या जागी 'एस' येतो. 'रिक्वेस्ट' असे काहीच करीत नाही. नाम असो की क्रियापद असो, जोर शेवटल्या अवयवावरच आणि अक्षरेही तीच. त्याचे शेजारी कोण आहेत तेवढ्यावरून ते ओळखावे लागते. आधी 'अ', 'द', 'माय', 'अवर' किंवा 'मेक' असेल तर नाम. आधी 'आय', 'वुई' असा कर्ता असेल तर क्रियापद.

ज्यांच्याजवळ 1611 सालचे इंग्रजी शास्त्र आहे त्यांनी नहेम्या 2:4 काढून पाहावे. राजा नहेम्यास विचारतो त्या प्रश्नात हा शब्द नाम असून त्याबरोबर 'मेक' आहे आणि 'फॉर'ही आहे. त्याउलट दानीएल 2:49 येथे तो क्रियापद आहे. तेथे राजाच्या आधी 'ऑफ' आला आहे, ही त्या काळची रीत. आज कोणी तसे लिहीत नाही, 'फ्रॉम' लिहितात. एकदा वर्गातील एका हुशार उपदेशकाने आम्हांस 1 राजे 19:4 हे वचन दाखविले आणि म्हटले, 'पास्टरसाहेब, येथे एलीयाच्या गोष्टीत क्रियापदापुढे फॉर आहे, मग आमचे कसे चुकले?' प्रश्न उत्तम होता, आणि उत्तर देण्यास आम्हांस क्षणभर थांबावे लागले. तेथील 'फॉर' मागितलेल्या वस्तूचा नाही. एलीया ते आपणासाठी मागत आहे, एवढेच तो दाखवितो. वस्तू कोणती ते पुढे 'दॅट' लावून सांगितले आहे. 'वुई रिक्वेस्ट अ चेअर फॉर द ओल्ड मॅन' हे वाक्य अशा रीतीने शुद्धच आहे, कारण मागितली खुर्ची. म्हाताऱ्यास कोणी मागितले नाही.

'दॅट'ची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 'रिक्वेस्ट दॅट' याच्या पुढे येणारे क्रियापद मूळ रूपात ठेवावे : 'वुई रिक्वेस्ट दॅट द रोड बी रिपेअर्ड'. तेथे 'इज' घालू नये. रस्ता अजून दुरुस्त झालेला नाही, म्हणूनच तर अर्ज केला!

ह्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ 'पुन्हा शोधणे' असा होता; फ्रेंच भाषेतून तो इंग्रजीत आला. इंग्रजीत नाम वडील आहे, ते चौदाव्या शतकापासून चालत आले. क्रियापद मागून सोळाव्या शतकात निपजले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' नावाचे न्यायालय उभे राहिले. ज्यांस मोठ्या कोर्टांचा खर्च झेपत नसे अशा गरिबांच्या फिर्यादी तेथे ऐकल्या जात. 1640 नंतरच्या यादवी युद्धाच्या धामधुमीत ते बंद पडले. परंतु त्याचे नाव पुढे लहान लहान कर्जांचे दावे ऐकणाऱ्या गावोगावच्या कोर्टांस मिळाले. तेच नाव समुद्र ओलांडून आपल्या मुंबईसही आले. 1753 सालच्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे असे एकेक कोर्ट स्थापिले गेले आणि पाच पॅगोडांपर्यंतचे, म्हणजे पाच होनांपर्यंतचे, दावे त्यात चालत. 1850 च्या कायद्याने त्यांच्या जागी लघुवाद न्यायालये आली, व मुंबईचे लघुवाद न्यायालय आजही चालू आहे. पाच होनांचा वाद घेऊन जाणारा तो मनुष्य भीक मागावयास जात नसे. आपले येणे मागावयास जात असे, आणि त्या मागण्यासच 'रिक्वेस्ट' म्हणत.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण, आपल्या अर्जांची सुरुवात पुष्कळदा 'आय बेग टू रिक्वेस्ट' अशी असते. ही जुन्या कचेरीतली रीत कोणा आजोबाच्या दप्तरातून नातवाच्या हाती आली आहे. ती अशुद्ध नाही, पण तीत एकावर एक दोन याचना चढविल्या आहेत. 'रिक्वेस्ट' हे एकटेच पुरेसे नम्र आहे. ते 'आस्क'हून अधिक अदबीचे आणि 'डिमांड'हून पुष्कळ सौम्य. ज्या बाईस आपल्या पतीच्या कष्टाचे निवृत्तिवेतन पाहिजे, तिने 'बेग' का लिहावे? आम्ही तिचे दुसरे पत्र लिहिले तेव्हा तो शब्द काढून टाकला. पत्र चार ओळींचेच होते : ती कोण, तिचा पती कोणत्या हुद्द्यावर होता, पहिली विनंती कोणत्या तारखेस केली, आणि शेवटी 'आय रिक्वेस्ट यू टू सेंड मी द फॉर्म.' फॉर्म आला. तिने तो आमच्याकडून दोनदा वाचवून घेतला, अंगठा उठविला आणि पदराला बोट पुसून म्हणाली, 'आता बरोबर लिहिलंत.'

आता वर्गासाठी थोडा अभ्यास. पुढील वाक्ये वहीत उतरून प्रत्येक 'रिक्वेस्ट'खाली नाम की क्रियापद ते लिहावे, मग चूक असेल तेथे दुरुस्ती करावी. 'वुई रिक्वेस्ट फॉर टू बेंचेस.' 'द टीचर रिक्वेस्टेड टू द मॅनेजर.' 'अवर रिक्वेस्ट फॉर अ बस स्टॉप वॉज ग्रँटेड.' 'शी मेड अ रिक्वेस्ट न्यू बुक्स.' 'वुई रिक्वेस्ट दॅट द वेल इज क्लीन्ड.' ह्या पाचांत एक वाक्य अगदी शुद्ध आहे, त्यास हात लावू नये. ते कोणते हे आम्ही सांगत नाही.