पाळी चुकली तर काय समजावे?
(महिला गटासाठी पाठ)



पाली परिसरातील वस्तीवर आमची महिला बैठक दसऱ्याच्या आधी भरली. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या होत्या. प्रार्थना झाली, बाया उठू लागल्या, आणि एक बहीण मागे थांबली. कडेवर आठ महिन्यांचे बाळ. हळूच म्हणाली, "ताई, अजून पाळी आलीच नाही. पण पोट जड वाटतंय, मळमळतंय. तुम्हीच म्हणाला व्हता, पोर अंगावर पितंय तवर काळजी नाही."

मी तसे म्हणाले होते. मात्र अर्धेच सांगितले होते. ती चूक सुधारण्यासाठी हा पाठ लिहीत आहे.

दूध पाजणे आणि दिवस जाणे
अंगावरच्या दुधाचा आधार तीन गोष्टी एकत्र असतील तरच मिळतो : बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, त्याला रात्रंदिवस फक्त आईचे दूध असावे, आणि बाळंतपणानंतर पाळी सुरू झालेली नसावी. यातली एक जरी गोष्ट सुटली, तरी भरवसा संपतो. या बहिणीचे बाळ आठ महिन्यांचे होते, वरणभात खात होते. शिवाय स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते. त्यामुळे बाळंतपणानंतर एकही पाळी न येता पुन्हा दिवस जाऊ शकतात.

पाळीचा हिशोब
रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथून पुढच्या पाळीपर्यंत साधारण २१ ते ३५ दिवस जातात. पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी स्त्रीबीज सुटते. ते एखादा दिवसच टिकते, पण पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून "ठरावीक दिवस टाळले की झाले" हा हिशोब, विशेषतः पाळी मागेपुढे होणाऱ्या बाईला, फसवतो. कॅलेंडरवर पहिल्या दिवशी खूण करा. लिहिता येत नसले तरी खूण करता येते.

पाळी का लांबते?
दिवस जाणे हे एक कारण. अतिकष्ट, उपासमार, एकदम वजन घटणे, मनावरचा ताण, थायरॉइडचा आजार, अंतरा इंजेक्शन किंवा गोळ्या यांनीही पाळी बदलते. वयात आलेल्या मुलींची पाळी पहिली काही वर्षे अनियमित असते, तसेच पंचेचाळिशीनंतरही. मात्र त्या वयातही पाळी पूर्ण वर्षभर थांबेपर्यंत दिवस जाऊ शकतात. थोडा डाग दिसला म्हणजे पाळी आली असेही नाही. गरोदरपणातही कधी डाग पडतो.

मग काय करावे?
अंदाज बांधू नये, तपासावे. आशाताईकडे लघवी तपासण्याची निश्चय किट असते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. दोन रेघा म्हणजे दिवस गेलेत. एकच रेघ आली आणि पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे. मेडिकलमधून "पाळी आणायची गोळी" स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. पाळी चुकल्यावर पोटाच्या एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव झाला, तर गर्भ पिशवीबाहेर असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पिशवी काढण्याआधी
आपल्या जिल्ह्याला हा धडा महाग पडला आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी झालेल्या पाहणीत, बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. एक खाडा म्हणजे दंड, म्हणून पाळीच नको, असे अनेकींना वाटले. पाळीचे दुखणे, पांढरे जाणे यांवर बहुतेक वेळा औषधोपचार असतात. ऑपरेशन सांगितले, तर सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्यावा.

मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली बाई आहे. तिने अनेक वैद्य केले, होते नव्हते ते खर्चले, आणि दुखणे वाढलेच. गर्दीत तिने प्रभूच्या वस्त्राला चोरून हात लावला. प्रभूने तिला झिडकारले नाही. थांबून तिचे सगळे ऐकून घेतले आणि लेकीच्या नात्याने हाक मारली. आपल्या बैठकीतही तेवढे ऐकणे असावे.

त्या बहिणीच्या किटवर दोन रेघा आल्या. आरोग्य केंद्रात तपासणी झाली, रक्त कमी निघाले. मी थांबायला सांगितले, पण उचल आधीच घेतलेली होती. ती टोळीबरोबर गेली. सोबत माता-बाल कार्ड, लोहाच्या गोळ्या आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता आहे. जड मोळी उचलायची नाही, असे नवऱ्याने आमच्यासमोर कबूल केले आहे. दर रविवारी आम्ही फोन करतो.

गटात बोलण्यासाठी : १. आपल्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता? २. टोळी निघण्याआधी वस्तीतल्या कोणाची तपासणी राहिली आहे? ३. घरातल्या पुरुषांना हे कोण सांगणार?

प्रार्थना : हे प्रभू, फडावर गेलेल्या आमच्या बहिणींना सांभाळ. आणि आम्हाला अर्धे न सांगता पूर्ण सांगण्याची बुद्धी दे. आमेन.