ऑनलाइन परीक्षेतील प्रसंगाधारित प्रश्न : रचना आणि जबाबदारी

कोणत्याही शिक्षणव्यवस्थेची खरी दिशा तिच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा प्रश्नपत्रिकांत अधिक स्पष्ट दिसते. परीक्षेत जे विचारले जाते तेच विद्यार्थी अभ्यासतात. जे विचारले जात नाही ते कालांतराने शिकवलेही जात नाही. आज ‘स्वयम्’, ‘दीक्षा’ यांसारख्या शासकीय मंचांमुळे खेड्यातला विद्यार्थीही मोबाइलवर अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो. परंतु संगणकाला गुण देणे सोपे जावे म्हणून अशा अनेक परीक्षा सनावळी आणि व्याख्या विचारण्यापलीकडे जात नाहीत. ‘महाडचा सत्याग्रह कोणत्या वर्षी झाला?’ याचे उत्तर संगणक क्षणात तपासतो खरा. पण विद्यार्थीही ते मोबाइलवर क्षणातच शोधून काढतो. त्याला सत्याग्रह कितपत समजला, हे मात्र अज्ञातच राहते.

यावरचा एक उपाय म्हणजे प्रसंगाधारित प्रश्न. यात विद्यार्थ्यापुढे एक परिस्थिती ठेवली जाते, त्याला त्या परिस्थितीत एक भूमिका दिली जाते आणि निर्णय विचारला जातो. शाळेने माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठी संविधान-परिचयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करावयाचे ठरविल्यास त्याच्या परीक्षेत असे प्रश्न कसे असावेत, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिला प्रश्न इतिहासाचा. ‘डिसेंबर १९२७. चवदार तळे सर्वांना खुले करणारा १९२४ चा ठराव महाड नगरपालिकेने ऑगस्टमध्ये मागे घेतला आहे. तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा दाखल झाला असून न्यायालयाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली आहे. हजारो सत्याग्रही महाडला जमले आहेत. तुम्ही परिषदेच्या नेतृत्वात आहात. मनाई मोडून तळ्यावर जाल, की सत्याग्रह स्थगित ठेवून न्यायालयात लढाल? आपल्या निर्णयाची दोन कारणे आणि त्यातील एक धोका लिहा.’

बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पण तळ्यावर जाण्यास उत्सुक असलेले सत्याग्रहीही अविचारी नव्हते. म्हणून येथे गुण पर्यायाला नव्हे, कारणमीमांसेला द्यावयाचे. असे उत्तर संगणकाने नव्हे, शिक्षकाने तपासले पाहिजे, आणि त्यासाठी गुणदानाचे निकष आधीच लिहून ठेवले पाहिजेत : घटनाक्रमाचे अचूक ज्ञान, कारणांची सुसंगती, धोक्याची जाणीव.

दुसरा प्रश्न कायद्याचा. ‘एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती रखडली आहे. तिने माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार आपल्या अर्जाची स्थिती विचारली. ३५ दिवस झाले, उत्तर नाही. ती तुमच्याकडे सल्ला मागते. तुम्ही काय सांगाल? (अ) आणखी काही महिने वाट पाहा. (आ) पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करा. (इ) वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करा. (ई) थेट राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करा.’ माहिती देण्याची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आणि ती संपल्यापासून प्रथम अपिलाची मुदतही ३० दिवसांची. म्हणून उत्तर (इ). येथे कायद्यानेच उत्तर निश्चित केलेले असल्याने संगणकाने तपासणे योग्य ठरते. ‘आणखी काही महिने वाट पाहा’ हा पर्याय निरुपद्रवी दिसतो. परंतु त्यात अपिलाची मुदत निघून जाते. चुकीचा पर्याय असा हवा : लोक प्रत्यक्षात करतात त्या चुकीतून घेतलेला. हास्यास्पद पर्यायांमुळे योग्य उत्तर आपोआप उघडे पडते.

रचनेची काही पथ्येही सांगितली पाहिजेत. प्रथम काय तपासावयाचे ते एका वाक्यात लिहावे, मग प्रसंग रचावा. प्रसंग झाकून केवळ शेवटचा प्रश्न वाचला आणि तरीही उत्तर देता आले, तर तो प्रसंग निव्वळ सजावट समजावा. मजकूर मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल इतकाच असावा. अन्यथा विषयाच्या आकलनाऐवजी वाचनाच्या वेगाची परीक्षा होते. एकाच प्रसंगावर अनेक प्रश्न असतील तर पहिले उत्तर चुकले म्हणून पुढची सर्व चुकू नयेत. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र ठेवावा किंवा पुढे जाण्यापूर्वी योग्य उत्तर सांगावे. ‘गूगल फॉर्म्स’मध्ये निवडलेल्या पर्यायानुसार वेगळ्या विभागात नेता येते, त्यामुळे चुकीच्या निर्णयाचा परिणाम विद्यार्थ्याला दाखवता येतो. ‘मूडल’ या मुक्त प्रणालीत प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात. या उपायांनी नक्कल कमी होईल, थांबणार नाही. तरीही प्रत्येक उत्तराखाली ‘का’ हे समजावणारे चार शब्द असले, तर परीक्षाही एक पाठ होऊन जाते.

तथापि या पथ्यांहून महत्त्वाचा मुद्दा प्रसंगातील माणसांचा आहे. वंचित समाजाविषयीचे प्रसंग रचताना आपल्या माणसाला नेहमी पीडित आणि याचक दाखविण्याची सवय आपल्याही लेखणीला जडलेली असते. प्रत्येक प्रश्नात आपली मुलगी अन्याय सोसत असेल आणि निर्णय घेणारा दुसराच कोणी असेल, तर संविधान शिकवतानाही आपण जुनीच उतरंड गिरवीत असतो. तिला तहसीलदार, वकील, ग्रामसेविका, संपादक या भूमिकांत आणले पाहिजे. शिवाय कुणासाठी तो प्रसंग स्वतःच्या घरातली जखमही असू शकतो. अत्याचाराचे रसभरीत वर्णन प्रश्नात नको. निर्णयासाठी आवश्यक तेवढेच तथ्य हवे.

भगवान बुद्धांनी किसा गोतमीला मृत्यूवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. दारोदार फिरून तिला स्वतःलाच उत्तर सापडले. विद्यार्थ्याला उत्तरापर्यंत स्वतःच्या पायांनी चालायला लावणे, ही रीत आपल्या परंपरेला परकी नाही.

अशा प्रश्नांसाठी लागणारा कच्चा माल कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. तो या स्मरणिकेच्या वाचकांपाशी आहे. आपल्यापैकी कुणी रुग्णालयात परिचारिका आहे, कुणी बँकेत, कुणी न्यायालयात, कुणी पंचायतीत. आपल्या कामात कायदा जाणणे आणि कायदा वापरणे यांतला फरक ज्या क्षणी जाणवला, तो प्रसंग नावे-गावे वगळून दहा ओळींत लिहून शाळेकडे पाठवावा. चवदार तळ्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो तीन वर्षे कागदावर राहिला. हक्क कागदावरून पाण्यापर्यंत नेणारे नागरिक घडवावयाचे असतील, तर आपल्या परीक्षेने तेच विचारले पाहिजे.