वेलभाज्यांची फलधारणा कशी वाढवावी

भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव मुंबई–नाशिक महामार्गावर असून ठाणे व कल्याण येथील बाजार त्यास जवळ आहेत. अशा गावी परसातील एखादा मांडवही घरखर्चास चांगला हातभार लावू शकतो. परंतु वेल फुलांनी भरतो आणि फळ मात्र धरत नाही, असा अनुभव पुष्कळांस येतो. अशा वेळी नत्रखत वाढविल्यास पाने माजतात व फळे अधिकच घटतात. दोष बहुधा खतात नसून परागीभवनात असतो.

फुलांची ओळख : काकडी, दुधी, शिराळी, पडवळ व कारली यांच्या एकाच वेलावर नर व मादी फुले निरनिराळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. नर फुलामागे नुसता देठ असतो. नर फुले आधी व संख्येने अधिक येतात. ती गळाल्यास चिंता करू नये. मादी फूल इवल्या फळासह पिवळे पडून गळाले, तर त्यास पराग मिळाले नाहीत, असे बहुधा समजावे. करटोलीचे नर व मादी वेलच वेगळे असतात. म्हणून सुमारे दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखावा.

उमलण्याची वेळ : काकडी, कारली व लाल भोपळा यांची फुले सकाळी उमलतात. दुधी, शिराळी व पडवळ यांची फुले सायंकाळी उमलतात. मधमाश्या सकाळच्या फुलांवर येतात, तर दुधी व पडवळाचे काम मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात. पावसाळ्यात संततधारेमुळे पराग भिजतात व कीटकही फिरकत नाहीत.

हाताने परागीभवन : त्याच वेळी नुकतेच उमललेले नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. एका नर फुलाने दोन-तीन मादी फुलांचे काम होते.

इतर दक्षता : वेल मांडवास पोहोचेपर्यंत बगलफुटी काढाव्यात, नंतर शेंडा खुडावा, म्हणजे फळे धरणाऱ्या फांद्या फुटतात. फुले उमललेली असताना कीटकनाशक फवारू नये. काकडी-कारल्यावर फवारणी अपरिहार्य असल्यास ती सायंकाळी करावी. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे सापळे लावावेत. फळे कोवळी असतानाच तोडावीत. वेलावर जून झालेले फळ पुढील फळांचा घास घेते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच मांडवावरील दहा मादी फुलांस हाताने पराग द्यावेत व दोरा बांधून खूण करावी. दुसरी दहा तशीच सोडावीत. आठ दिवसांनी दोन्हींची धरलेली फळे शेतकऱ्याकडूनच मोजवून घ्यावीत. स्वतः मोजलेले फळ त्यास व्याख्यानाहून अधिक पटेल.