अभ्यासपाठ : माळ्यावरचं ओझं, मनावरचं ओझं



घटस्थापनेच्या आधी आपल्या घरोघरी झाडलोट होते. जाळीजळमटं निघतात, देवाची भांडी चिंचेनं लख्ख होतात. माळ्यावरचं सामानही खाली येतं, पुसलं जातं आणि पुन्हा जिथल्या तिथं वर जातं! घर स्वच्छ होतं, पण मोकळं होत नाही. हा फरक आज नीट समजून घेऊ या.

*पसारा म्हणजे काय?*

पसारा दिसतो वस्तूंचा, पण असतो न घेतलेल्या निर्णयांचा. बंद पडलेला मिक्सर ओट्याखाली आहे, कारण दुरुस्त करायचा की मोडीत घालायचा हे ठरलेलं नाही. मुलगा नोकरीला लागला, तरी त्याची दहावीची पुस्तकं कपाटात आहेत. अशी वस्तू समोर दिसली की जणू विचारते, "माझं काय ठरलं?" आपण उत्तर देत नाही, पण प्रश्न मनात राहतोच. असे शंभर प्रश्न घरभर असतील, तर घरी येऊनही विसावा कसा मिळणार?

अमेरिकेत लॉस एंजेलिस इथं डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी ३० नोकरदार जोडप्यांचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं आपलं घर फिरून दाखवत त्याचं वर्णन केलं. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. ज्या स्त्रियांच्या वर्णनात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्यात हा उतार कमी दिसला आणि त्यांची मनःस्थितीही दिवसभरात खालावत गेली. पसाऱ्यामुळंच हे झालं असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण दोन्हींचं नातं आहे, एवढं नक्की.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यमांतला शेवटचा अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त साठवण न करणं. पाच नियमांतला पहिला शौच, म्हणजे आतली-बाहेरची शुद्धी.

*मग हातून सुटत का नाही?*

कधी "लागेल कधीतरी" म्हणून, कधी "पैसे मोजलेत" म्हणून. पण सगळ्यात अवघड असते ती माया. गेलेल्या आईची नऊवारी, बाबांचा चष्मा, आजोबांनी गाव सोडताना सोबत आणलेलं घंगाळ. इंदूर, बडोद्याकडच्या जुन्या वाड्यांतून फ्लॅटमध्ये आलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. इथं घाई करू नका. जुनं ते सोनं हे खरंच, पण सोनं कुणी पोत्यात बांधून माळ्यावर टाकत नाही! दहा वस्तू कोंडून ठेवण्यापेक्षा एक वापरात ठेवा. घंगाळात तुळस लावा, नऊवारीची गोधडी नातवाच्या अंगावर येऊ द्या.

*कसं करायचं?*

१. एका वेळी एकच खण, १५ मिनिटं. अख्खं घर एका दिवसात काढायला बसू नका.

२. तीन ढीग करा : राहणार, जाणार, ठरत नाही. तिसरा ढीग खोक्यात भरून वर तारीख लिहा. सहा महिन्यांत खोकं उघडावं लागलं नाही, तर उत्तर मिळालंच.

३. जाणारं त्याच आठवड्यात घराबाहेर पडू द्या. रद्दीवाला, भंगारवाला, बोहारीण, नाहीतर कुणी गरजू. देताना मात्र धड असेल तेच द्या.

४. राहणाऱ्याला ठरलेली जागा द्या. किल्ल्या, चष्मा, पासबुक, दवाखान्याची फाईल रात्री-अपरात्रीही हाताशी लागली पाहिजे.

५. दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. सासूबाई गावाला गेल्या म्हणून त्यांची ट्रंक रिकामी करणं ही आवराआवर नव्हे. जागा मोकळी होईल, पण मनात अढी बसेल.

*एक सावधगिरी*

काही वेळा पसारा हे दुखण्याचं कारण नसतं, लक्षण असतं. नीटनेटक्या माणसाला अचानक काहीच आवरावंसं वाटेनासं झालं, अंघोळ-जेवणही टाळलं जाऊ लागलं, किंवा कागदाचा कपटाही टाकताना कुणाचा जीव कासावीस होत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, टोमणे मारू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

*या आठवड्याचा गृहपाठ*

ज्या खणात जुने सेल, संपलेली पेनं आणि कुठल्या कुलपाच्या हे न आठवणाऱ्या किल्ल्या आहेत, तो एक खण आवरा. दुसरं, घरातल्या थोरांपाशी बसून त्यांच्या एका जुन्या वस्तूची गोष्ट विचारा. ती ठेवायची की द्यायची, हे त्यांनाच ठरवू द्या. पुष्कळदा गोष्ट कुणीतरी ऐकली की वस्तूवरची पकड आपोआप सैल होते.

अनुभव आपल्या कुटुंब-समूहात जरूर लिहा. आधीचा-नंतरचा फोटो नसला तरी चालेल. खण बंद केल्यावर मनाला काय वाटलं, ते दोन ओळींत सांगा.