गिओनची संध्याकाळ : ओळखीवर उभा असलेला धंदा

धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर माल, दुकान आणि गल्ला येतो. या पाठात आपण अशा एका धंद्याचा अभ्यास करणार आहोत, ज्यात विक्रेत्याच्या मालकीचे जवळजवळ काहीच नसते. रस्ता गावाचा, जेवण दुसऱ्याच्या हॉटेलातले, आणि ज्यांच्या नावावर गिऱ्हाईक येते त्या कलावंतांशी विक्रेत्याचा करारही नसतो. जपानमधील क्योतो शहराच्या जुन्या गेशा वस्त्यांतून संध्याकाळी निघणाऱ्या माहिती व भोजन फेऱ्यांचा हा धंदा आहे. तो कसा चालतो, कशाने वाढला आणि कशाने अडचणीत आला, हे समजून घेण्याजोगे आहे.

वस्ती आणि तिचा जुना रिवाज

क्योतोमध्ये अशा पाच वस्त्या आहेत : गिओन कोबू, गिओन हिगाशी, पोंतोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. येथील गेशांना ‘गेइको’ म्हणतात व शिकाऊ मुलींना ‘माइको’. परदेशात त्यांच्याविषयी बराच गैरसमज आहे. गेइकोचा पेशा नृत्य, गायन, शामिसेन हे तंतुवाद्य आणि पाहुण्यांची सरबराई यांचा आहे. वेश्याव्यवसाय हा वेगळा धंदा होता आणि त्याला बंदी करणारा कायदा जपानमध्ये १९५६ साली झाला. माइको साधारणपणे शालेय शिक्षण संपवून पंधराव्या-सोळाव्या वर्षी येते आणि सुमारे पाच वर्षे शिकते. या काळात तिचे राहणे, जेवण आणि पोशाख यांचा खर्च ‘ओकिया’ म्हणजे तिला सांभाळणारे घर करते.

मैफल भरते ती ‘ओचाया’ नावाच्या चहाघरात. येथील रिवाज आपल्या पेढीवाल्यांना चटकन समजेल. अनोळखी माणसाला प्रवेश नाही. जुन्या गिऱ्हाइकाने ओळख करून दिली तरच दार उघडते. जेवण चहाघरात शिजत नाही, ते बाहेरच्या खानावळीतून मागवले जाते. कलावंत ओकियातून येतात. पाहुणा त्या रात्री खिशात हात घालत नाही. जेवण, कलावंतांचा मोबदला, इतकेच काय गाडीभाडेही चहाघराची मालकीण आधी भरते आणि हिशेब मागाहून पाठवते. नव्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, तर ओळख देणाऱ्याला ते भरून द्यावे लागतात.

म्हणजे ‘अनोळखी नको’ हा निव्वळ गर्व नव्हे. ज्या धंद्यात सगळा व्यवहार उधारीचा आहे, तिथे जामीन लागतोच. ओळख हाच येथे जामीन आहे.

राजधानी गेली, तेव्हा

क्योतो ही ७९४ सालापासून जपानच्या सम्राटाची नगरी होती. १८६९ मध्ये सम्राट तोक्योला गेला. त्याच्यामागे दरबारी, सरदार आणि मोठे गिऱ्हाईक गेले व शहराचा व्यापार बसला. शहराने काय केले? १८७२ मध्ये औद्योगिक प्रदर्शन भरवले आणि त्यात गिओनच्या कलावंतांचे नृत्य सर्वांसाठी खुले केले. ‘मियाको ओदोरी’ या नावाने ते आजही दर वसंतात होते. बंद दारामागची कला सामान्य माणसाला दिसण्याची ती सुरुवात होती.

त्याच १८७२ साली क्योतोच्या निशिजिन या विणकर वस्तीतून काही माणसे फ्रान्समधील लिऑन शहरी पाठवली गेली. जकार्डचे तंत्र शिकून त्यांनी ते यंत्र गावी आणले. गिऱ्हाईक गेले म्हणून कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा एकीकडे नवे गिऱ्हाईक शोधणे आणि दुसरीकडे नवे हत्यार आणणे, अशी दोन्ही कामे शहराने एकाच वर्षी हाती घेतली. आपल्याकडील मागवाल्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

फेरीचा धंदा कसा चालतो

२०१३ साली जपानमध्ये १ कोटी ३ लाखांवर परदेशी पाहुणे आले, २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांवर. यातील ज्याला त्याला गिओन पाहायचे असते, पण चहाघराचे दार त्याच्यासाठी बंद. हीच जागा फेरीवाल्याने हेरली. दारामागचे काही विकता येत नाही, तेव्हा त्याने दाराबाहेरची माहिती विकायला घेतली. पूर्वी पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना दुभाषी गाइड म्हणून फिरवण्यास सरकारी परवाना लागे. २०१८ पासून परवान्याशिवायही हे काम करता येते, मात्र परवानाधारक ही पदवी लावता येत नाही. त्यामुळे या धंद्यात शिरणे सोपे झाले.

फेरी संध्याकाळी निघते, कारण साधारण त्याच सुमारास गेइको व माइको कामावर जायला बाहेर पडतात. गाइड मिनामिझा नाट्यगृह, शिराकावा ओढ्याकाठची लाकडी घरे (हा भाग १९७६ पासून संरक्षित आहे), हानामिकोजी रस्ता अशी ठिकाणे दाखवतो. अधूनमधून टोफू, भाज्यांचे घरगुती क्योतो पदार्थ, शेगडीवरचे तुकडे, माचा चहा व गोड वड्या असे खाणे होते. नदीकाठच्या पोंतोचो गल्लीत उन्हाळ्यात पाण्याच्या बाजूला लाकडी मचाण बांधून पंगती बसतात.

आता हिशेब पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, दर माणशी १२,००० येन घेतले. खाण्याचा खर्च माणशी ४,०००, गाइडची मजुरी २०,००० आणि गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाचे शेकडा २० टक्के. तीन पाहुणे आले तर जमा ३६,००० आणि खर्च ३९,२००, म्हणजे ३,२०० चा तोटा. आठ आले तर जमा ९६,०००, खर्च ७१,२००, शिल्लक २४,८००. सोळा आले तर जमा १,९२,०००, खर्च १,२२,४००, शिल्लक ६९,६००. पाहुणे दुप्पट आणि नफा जवळजवळ तिप्पट!

घात येथेच होतो.

कागदावर नसलेला खर्च

सोळा माणसे सहा-सात फुटी गल्लीत उभी राहिली की रहिवाशांची वाट अडते. त्यात कामाला निघालेली पंधरा-सोळा वर्षांची माइको समोर आली, की कॅमेरे घेऊन लोक तिच्या मागे धावतात. किमोनोची बाही ओढणे, वाट अडवणे, खासगी अंगणात घुसणे असे प्रकार वाढले. याचा त्रास फेरीवाल्याच्या वहीत कुठेच लिहिला जात नाही. तो सोसतात गल्लीतले लोक.

अखेर त्यांनीच उपाय केला. २०१९ मध्ये गिओनच्या रहिवासी मंडळाने खासगी गल्ल्यांत फोटो काढण्यास मनाई करून १०,००० येन दंडाचे फलक लावले. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा २०२४ मध्ये काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. हानामिकोजीचा मुख्य रस्ता सार्वजनिक असल्याने खुला राहिला. काही जणांनी नफ्यासाठी गर्दी नेली, आणि वाट मात्र सर्वांचीच बंद झाली. आठ पाहुण्यांना अदबीने नेणारा गाइडही त्यात भरडला गेला.

कारागिरांचा वाटा

माइकोच्या कमरेचा लांब पट्टा, रंगवलेला किमोनो, रेशमी फुलांचे केसातले काटे, पंखा, लाकडी उंच खडावा, शामिसेन, यांतील प्रत्येक वस्तूमागे एक कारागीर घर आहे. कामिशिचिकेन वस्ती तर निशिजिनच्या विणकर-व्यापाऱ्यांच्या आश्रयावरच वाढली. फेरीतला पाहुणा फार तर एखादा पंखा विकत घेईल. वर्षानुवर्षे उंची माल मागवणारे गिऱ्हाईक म्हणजे ओकिया आणि चहाघरे. ही घरे त्रासाने मिटली, तर हजार पर्यटकांनी घेतलेल्या आठवणवस्तू त्या विणकराचा माग चालू ठेवू शकणार नाहीत. शहाणा गाइड म्हणूनच पाहुण्यांना कारागिराच्या दुकानी नेतो, वस्तू कशी बनते ते सांगतो आणि घासाघीस टाळतो.

मुस्लिम पाहुण्याचे ताट

मलेशिया व इंडोनेशियाहून जपानला जाणारे मुस्लिम पाहुणे पुष्कळ आहेत. त्यांची अडचण केवळ मांसाची नसते. जपानी रश्शाचा अर्क मासे व समुद्री वनस्पतीचा असतो, पण त्यात पुष्कळदा ‘मिरिन’ घालतात. मिरिन ही तांदळाची गोड दारूच आहे, तिच्यात सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. ‘साके’ ही दारूही स्वयंपाकात वापरतात. त्यामुळे भाजीचा साधा दिसणारा पदार्थही विचारल्याशिवाय खाता येत नाही. ज्या गाइडने आगाऊ विचारपूस करून दारूच्या थांब्याऐवजी माचा व तांदूळ-कडधान्याच्या मिठाईचा थांबा ठेवला, त्याला हे गिऱ्हाईक दुवा देते आणि दुसरे गिऱ्हाईक पाठवते. जपानशी आपले व्यापारी नाते जुने आहे. क्योतोजवळच्या कोबे बंदरातील १९३५ ची मशीद उभारण्यात तेथील भारतीय व्यापाऱ्यांचाही वाटा होता.

पाठाचा सारांश

१. उधारीच्या धंद्यात ओळख देणे म्हणजे जामीन राहणे. विचार करून ओळख द्यावी.
२. जी वस्तू आपल्या मालकीची नाही, पण जिच्यावर आपला धंदा उभा आहे, ती अमानत समजावी. गल्ली, शेजार, बाजाराची अब्रू या सर्व अमानती आहेत.
३. नफा काढताना दुसऱ्याने सोसलेला त्रासही मनात जमेस धरावा. आज तो वहीत नसला तरी उद्या बंद दाराच्या रूपाने वसूल होतो.
४. गिऱ्हाइकाची मर्यादा स्वतः घालावी. नाहीतर ती दुसरा घालतो, आणि ती अधिक कडक असते.

वाचकांनी आपल्या बाजारपेठेकडे पाहून एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : आपल्या दुकानाचे कोणते गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या सोसण्यावर चालले आहे?