साल्झबर्गचा महोत्सव आणि खर्चाचा क्रम

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला आम्ही बेळगावकर रात्रीच्या गाडीने जातो. त्याला फारशी तयारी लागत नाही. पण ऑस्ट्रियातील साल्झबर्ग या मोझार्टच्या जन्मगावी १९२० साली सुरू झालेल्या उन्हाळी महोत्सवाला जायचे असेल तर? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मी त्याचा आराखडा मांडून पाहिला. एकूण खर्चापेक्षा खर्चाचा क्रम अधिक महत्त्वाचा, असे त्यातून दिसले.

प्रथम खर्चाचे दोन भाग पाडावेत : परत मिळणारा व बुडणारा. व्हिसाचे शुल्क (२०२४ पासून ९० युरो) अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत खोलीचे व विमानाचे आरक्षण रद्द करता येईल असेच करावे. मैफलीची तिकिटे मात्र संपून जातात. तेवढा धोका आधी पत्करावा, पण एकाच स्वस्त तिकिटापुरता.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. जर्मनीतील म्युनिकला उतरून रेल्वेने साल्झबर्ग गाठता येते. दोन्ही देशांत एकच शेंगेन व्हिसा चालतो; परंतु मुख्य मुक्काम ऑस्ट्रियात असल्यास अर्ज ऑस्ट्रियाकडेच करावा.

अंदाजपत्रक युरोत मांडावे आणि रुपया घसरेल असे धरून काही रक्कम राखून ठेवावी. वडिलांनी ठेव मोडून दिलेल्या पैशांवर जाणाऱ्याने तर हा क्रम कटाक्षाने पाळावा. महोत्सव पुढच्या वर्षीही भरेल. मोडलेली ठेव पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात.