पुरात शिलाई मशीन बुडालं, आता काय?

प्रश्न : आम्ही उज्जैनला रामघाटाजवळ भाड्याने राहतो. क्षिप्रेचं पाणी घरात शिरलं आणि माझं शिलाई मशीन बुडालं. घर पडलं नाही, म्हणून मदत मिळणार नाही, असं शेजारी म्हणतात. माझं वय ४६. या वयात प्रशिक्षण कोण देणार?
– एक वाचक, उज्जैन

उत्तर : ताई, घर पडलं तरच मदत मिळते, हा गैरसमज आहे. मध्य प्रदेशच्या ‘राजस्व पुस्तक परिपत्र ६-४’मध्ये पुरात गेलेले कपडे, भांडी, धान्य यांसाठीही तरतूद आहे. सामान फेकण्याआधी फोटो काढा, पटवाऱ्याकडून पंचनामा करून घ्या आणि तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.

मशीनसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली ‘पीएम विश्वकर्मा’ योजना पाहा. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि वयाला वरची मर्यादा नाही. प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये, शिवाय अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. मात्र कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि घरात सरकारी नोकरी असल्यास तोही नाही. नोंदणीची चौकशी सामान्य सेवा केंद्रात करा; दलालाला पैसे देऊ नका.

जुन्या मशीनला मोटर असेल, तर कारागिराला दाखवल्याशिवाय चालू करू नका. बरीच मशीनं सफाई-तेलपाण्याने पुन्हा चालू होतात.